तीन दिवस घरी

रायरीकर साहेबांना मी नऊ वर्षं टेम्पोतून फिरवलं. त्या नऊ वर्षांत त्यांनी एकाही बाईला "हे विकता का?" असं विचारल्याचं मी ऐकलं नाही. ते विचारायचे, "ह्यांचं पुढं काय?"

बाई गोंधळायची. समोर पत्र्याच्या डब्यात नाहीतर जुन्या लुगड्याच्या बोचक्यात गौरीचे दोन मुखवटे असायचे. शाडूचे, कागदाच्या लगद्याचे, एखाद्या घरी पितळी. एकीच्या गालाचा पोपडा गेलेला, दुसरीचा कान. सुनेनं पुण्याहून नवे आणलेले असायचे, पापण्या चिकटवलेले. जुने धरणाच्या पाण्यात सोडायचे हेही घरात ठरलेलं असायचं. पण असं तोंडावर कुणी विचारलं की बाई जरा थांबायची, मुखवट्याकडं बघायची. तेवढं थांबणं साहेबांना पुरायचं. ते जमिनीवर मांडी घालून बसायचे, मुखवटा उचलून आधी नाकपुडीजवळ भिंग धरायचे.

"भोक बघा किती झिजलंय. नथ घालून-काढून. ही लई बसलीय घरात," ते म्हणायचे. मुखवट्याचं वय ते नथीच्या भोकावरून सांगायचे. कुठल्या पुस्तकात असं असतं की नाही मला ठाऊक नाही.

साहेब भोरचे. नोकरीत असताना धरणाच्या कामावर मोजणीला होते. गुंजवण्याच्या खोऱ्यात पाणी येणार म्हणून घरं, झाडं, विहिरी यांची यादी करायची, हे त्यांचं काम. घर किती खणांचं, दाराचं लाकूड कुठलं, परसात आंबे किती. ते सांगायचे, "यादीत सगळ्याला रकाना होता बालाजी. उकिरड्यालासुद्धा होता. गौरीला नव्हता." लोकांनी घरं हलवली तेव्हा भांडी नेली, दारं उचकटून नेली. काही घरांत मुखवटे मात्र कोनाड्यातच राहिले, कारण बुडणाऱ्या घरची गौर नव्या घरी न्यावी की नाही, हे सांगायला कुणी म्हातारं उरलं नव्हतं. अशा एका कोनाड्यातल्या दोघी साहेबांनी रुमालात बांधून घरी आणल्या. तिथून सुरुवात झाली. मी त्यांना भेटलो तोवर त्यांच्या भोरच्या घरातल्या माडीवर चारी भिंतींना फळ्या होत्या आणि फळ्यांवर नुसत्या बाया होत्या. दार उघडलं की सगळ्या एकदम तुमच्याकडं बघायच्या.

मी अहमदपूरकडचा. आठवीत शाळा सोडली, गाववाल्याच्या मागं भोरला खडीच्या कामावर आलो, पुढं दुसऱ्याचा टेम्पो चालवायला लागलो. साहेबांनी एकदा वेल्ह्याहून दोन पेट्या आणायला मला बोलावलं. मी पेट्या बांधल्या, आणि सवयीप्रमाणं दोरी तीनदा ओढून बघितली. फाट्यावर थांबून परत बघितली. साहेब माझ्याशेजारी बसलेच नव्हते, मागं पेट्यांजवळ बसले होते. मागून आवाज आला, "दोरी ठीक आहे हो. आता तिलाही जरा निवांत पडू द्या."

मला "हो" म्हणणारा, "तुम्ही" म्हणणारा भोरमधला तो पहिला माणूस. पुढं त्यांनी घरामागची खोली मला राहायला दिली. पक्का परवाना काढायचा म्हणून रस्त्यावरच्या खुणांचे कागद खोलीच्या भिंतीला चिकटवले आणि रोज सकाळी चहा पिता पिता एकेकीचा अर्थ विचारला. दोनदा नापास झालो. तिसऱ्यांदा ते स्वतः बाहेर बाकावर बसून राहिले. हे सगळं मी विसरलो नाही. पुढचं लिहितानाही विसरलेलो नाही.

त्यांची रीत अशी होती. मुखवटा घेतला की कार्बन घालून पावती फाडायचे. पैसे द्यायचे नाहीत. पैसे दिले की देव विकल्यासारखं होतं म्हणायचे. पावतीवर घरचं नाव, बाईचं नाव, आणि खाली ठरलेलं वाक्य: "सांभाळण्यासाठी घेतले. वर्षातले तीन दिवस घरी." गौरी यायच्या दिवशी सकाळी ज्या घराला हवे त्या घराला मुखवटे पोचवायचे, विसर्जनानंतर परत आणायचे. बायका ती पावती देव्हाऱ्यात ठेवायच्या.

त्या एका दिवसासाठी आमचा महिनाभर घोळ चालायचा. साहेब जुन्या मऊ पडलेल्या दाढीच्या ब्रशानं एकेकीची धूळ झाडायचे. मी टोपल्यांत भाताचं तूस भरायचो. त्यात मुखवटा तोंड वर करून ठेवायचा, तोंड झाकायचं नाही हा त्यांचा नियम. मग भोर, नसरापूर, मार्गासनीचा फाटा, वेल्हे, परत फिरून गुंजवण्यापर्यंत. फाट्याफाट्यावर बायका ताटात हळदीकुंकू घेऊन उभ्या असायच्या आणि टेम्पो दिसला की त्यांचा जो गलका व्हायचा, त्यात माझा हॉर्न ऐकू यायचा नाही.

सगळ्यात शेवटचं घर सोनाबाई शेलारांचं, धरणामुळं वर सरकलेल्या वस्तीत. सत्तरीच्या पुढची बाई, आवाज मात्र खालच्या आळीपर्यंत जाणारा. टोपलीत डोकावायची आणि सुरू व्हायची.

"साहेब, हिला लई सुकवलीत. खायला घालता का नुसतं बघत बसता?"

"तुमच्याकडं तीन दिवसांत किती वाढते ते बघा की. तुमच्या हळदीचा थर काढायला मला दिवाळी उजाडते."

"काढता कशाला? आमी लावायची आन् तुमी काढायची. सासरा हाय व्हय तुमी तिचा?"

साहेब हसायचे, मला म्हणायचे, "लिहून घ्या बालाजी, सासरा." त्यांच्या वहीत खरंच असलं काहीबाही लिहिलेलं असायचं. घर कुणाचं, मुखवटा कुणी आणला, कुठल्या सुनेच्या हातून पडला. कुठल्या सालचा, हा रकाना बहुतेक कोराच.

एक वर्ष सोनाबाईनं मला आदल्या आठवड्यात फोन केला. तिच्या नातसुनेचा पहिला ओवसा होता, म्हणजे नव्या सुनेनं सूप भरून गौरीला वाहायचं, गाव बघायला येतं. "बालाजी, यवढा रंगाचा डबा आन बाबा येल्ह्यास्नं. गुलाबी. आन् बारका ब्रस." मी आणून दिला. कशाला हवा ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला कळलं असतं, म्हणून विचारलं नाही, असं आज वाटतं.

विसर्जनानंतर आम्ही मुखवटे घ्यायला गेलो, तर दोघी नव्या रिक्षासारख्या चकाकत होत्या. गाल गुलाबी, ओठ लाल, भुवया ह्या इथपासून तिथपर्यंत.

"नव्या पोरीपुढं फिक्की गौर बशीवू व्हय?" सोनाबाई म्हणाली. "माझ्या सासूनं बी रंगवली व्हती, म्या बी रंगवली."

साहेबांनी तूस सारखं केलं. टोपली उचलली. मार्गासनीपर्यंत मी आरशात टोपलीकडंच बघत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "रंग कुठला?"

"दाराखिडक्यांना लावतात तो, साहेब."

"आणला कुणी?"

मी टेम्पो कडेला घेतला, बंद केला, मग म्हणालो, "मी."

ते मागं वाकून टोपलीत बघत राहिले. मला वाटलं, खोली गेली, काम गेलं, आता रात्रीची गाडी धरून गावाकडं. तर म्हणाले, "ओठ जरा बरे जमलेत." आणि वहीत लिहिलं, रंग : सोनाबाई शेलार, गुंजवणे. नंतर भोर येईपर्यंत स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. "रंगवतायत तोवर ती त्यांची आहे हो. रंगवायचं थांबतील, तेव्हा काळजी."

त्या वाक्यावर मी विसंबलो. त्या वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं बायकांना सांगत फिरलो, की द्या, साहेब तसे नाहीत.

माझ्या आईलाही मी तेच सांगितलं. आमच्याकडं गौरी म्हणत नाहीत, महालक्ष्म्या म्हणतात. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा शेत घ्यायला दोघं होते, महालक्ष्म्या घ्यायला कुणी नव्हतं. मोठी सून म्हणाली जागा नाही, धाकटी म्हणाली सोवळं जमत नाही. आई फोनवर रडली. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "घेऊन या. पावती आईच्या नावानं." मी एसटीत मांडीवर धरून त्या दोघींना भोरला आणलं. त्या वर्षापासून ते तीन दिवस साहेबांच्या खालच्या सोप्यात माझ्या आईच्या महालक्ष्म्या बसायच्या. आमच्यासारख्या पत्र्याच्या कोठ्यांवर, साड्या नेसवून, पुढं त्यांची लेकरं, पिलवंडं, ठेवून. साहेब उंबऱ्याबाहेर उभे राहून विचारायचे, "येऊ का आत?" स्वतःच्या घरात.

आणि माडीवर कुणीही यावं. शाळेतली पोरं यायची, लग्नातले पाहुणे यायचे. साहेब आधी सगळ्यांना मोरीवर हात धुवायला लावायचे आणि मग म्हणायचे, "आता हात लावा. हात लावू नका म्हणायचं असेल तर दार कशाला उघडायचं?"

मग वाळवीचं साल आलं. उत्तरेकडच्या फळीमागून ती भिंतीतनं शिरली आणि आम्हाला कळलं तेव्हा लगद्याच्या सात-आठ बाया मागून पोखरल्या होत्या. समोरून चेहरा तसाच, उचलला की हातात भुगा. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. भिंती खरवडल्या, औषध मारलं, पण त्यांचं मन उडालं ते उडालंच. भोरमध्ये कोरडी खोली मागत ते दोन वर्षं हिंडले. कुणी नाही म्हणालं नाही, आणि कुणी किल्लीही दिली नाही. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. लेक बंगळुरूला, ती इकडं येऊन राहायची नव्हती. ते माडीवर बसून मला विचारायचे, "माझ्यामागं ह्यांचं पुढं काय, बालाजी?" मी म्हणायचो, मी आहे साहेब. ते माझ्याकडं मायेनंच बघायचे. पण तसं बघण्यात उत्तर होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

दिल्लीकडच्या कुठल्याशा खाजगी संग्रहालयातून एक मॅडम आल्या. पांढरे हातमोजे घालूनच जिना चढल्या. साहेब सवयीनं एकीला उचलून दाखवायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, "सर, प्लीज, नुसत्या हातानं नको." आणि साहेबांनी हात मागं घेतला. मी दारात होतो. मला हसूच आलं तेव्हा. नऊ वर्षांत त्यांनी हात मागं घेतलेला मी पहिल्यांदा पाहिला, एवढंच मला वाटलं.

आषाढात साहेब म्हणाले, "फोटो काढायला नेणार आहेत सगळ्या. मोठं पुस्तक करतायत. गणपतीच्या आत परत येतील." चार दिवस मी माझ्या हातानं बांधाबांध केली. तूस चालणार नाही म्हणाले, फोमच्या पेट्या आल्या, तोंडं झाकून. बंद ट्रक आला, पेट्या गेल्या. दोऱ्या बघायचं कामच नव्हतं.

मी भाडी घेऊन खोऱ्यात जायचो तेव्हा बायका विचारायच्या. मी सांगायचो, फोटोला गेल्यात, येतील. वेल्ह्याच्या बाजारात सांगितलं, फाट्यावर सांगितलं. सोनाबाई म्हणाली, "फोटूला? मंग आदी सांगायचं, पावडर लावून धाडली आस्ती." मीही हसलो.

गणपती बसले. मी रोज विचारायचो, ट्रक कधी? साहेब म्हणायचे, बघू. गौरी यायचा दिवस उजाडला, तेव्हा मी सकाळी टेम्पो धुतला, टोपल्यांत तूस भरलं आणि दाराशी लावला. साहेब बाहेर आले, पायरीवर बसले.

"त्या येणार नाहीत, बालाजी."

"उद्या?"

"येणारच नाहीत. दिल्या मी. कागद केलाय. तिथं थंडगार खोली आहे, काच आहे, वाळवी नाही. पण तिथून वस्तू बाहेर काढत नाहीत. कुणासाठीच."

"आणि पावत्या?"

ते हाताच्या रेषा बघत बसले. मग म्हणाले, "माझ्याकडं त्या आणखी दहा वर्षं टिकल्या असत्या. तिथं दोनशे टिकतील. ह्याचा काहीच हिशोब नाही का तुमच्या मनात?"

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बांधून दिल्या असत्या?"

"नसत्या दिल्या."

"म्हणून नाही सांगितलं."

ते या वेळीही खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. मग उठून आत गेले आणि एक बोचकं घेऊन आले. मी ओळखलं. "तुमच्या आईच्या मी काढून ठेवल्या होत्या. त्या दिल्या नाहीत." त्यांना वाटलं असावं, मला बरं वाटेल. साऱ्या खोऱ्यातल्या बायकांत एकट्या माझ्या आईच्या राहिल्या होत्या, आणि माझ्या शब्दावर दिलेल्या सगळ्या गेल्या होत्या. मी बोचकं घेतलं. घेतलं, हे खरं आहे. नको म्हणालो नाही.

"चला, सांगायला जाऊ," ते म्हणाले.

"तुमी जा एसटीनं," मी म्हणालो. त्यांच्याशी असं मी पहिल्यांदा बोललो. ते छत्री घेऊन स्टँडकडं गेले.

पण मला घरात बसवेना. मार्गासनीला बायका उभ्या असणार, मोबाईल वाजायला लागला होता. मी टेम्पो काढला. फाट्यावर त्या रिकाम्या टोपल्यांत डोकावल्या. एकजण एवढंच म्हणाली, "तुमी सांगितलं व्हतं, येतील म्हनून." दुसरीनं ताट पदराखाली घेतलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. गुंजवण्याच्या रस्त्याला आईचा फोन आला. "लेकरा, बसिवल्या का रं?" महालक्ष्म्या माझ्या सीटखाली होत्या. मी म्हणालो, "बसवतोय, आई."

सोनाबाईच्या घरी पोचलो तर साहेब आधीच सोप्यात खाली बसलेले. सांगून झालं होतं. पाटावर तेरड्याच्या दोन पेंढ्या उभ्या केलेल्या, साड्या नेसवलेल्या, वर मुखवटे नव्हते. घरातल्या सुना कडेला उभ्या. मी उंबऱ्यातच थांबलो.

सोनाबाई आत गेली. पितळी तांब्या घासून आणला, पालथा करून एका पेंढीवर बसवला, शेजारी काजळाची डबी ठेवली.

"गौर तर येनारच. ती काय गाडीनं येती व्हय? काढा डोळं."

"मला चित्र येत नाही, सोनाबाई."

"चित्र कोन मागतंय? तिचं त्वांड काढा. यवढी वर्सं भिंग लावून बघत व्हता न्हवं?"

साहेबांनी बोट काजळात बुडवलं. तांब्याजवळ नेलं. तिथंच थांबले. डोळे मिटले, उघडले. "डावा डोळा जरा वर होता ना? आणि हनुवटीला..."

"ती धाकटी. ही थोरली हाय."

बोट हवेत राहिलं. आत कुणीतरी लहान पोर हसलं, त्याला आईनं दटावलं.  त्या माणसानं साऱ्या खोऱ्याच्या गौरी वहीत उतरवल्या होत्या. नथीचं भोक त्यांना ठाऊक होतं, कुणाच्या हातून पडली ते ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली.

"सरका," सोनाबाई म्हणाली. न थांबता दोन डोळे, भुवया, नाक, तोंड काढलं. दुसऱ्या तांब्यावर धाकटी काढली, डावा डोळा जरा वर. नथ मेणानं चिकटवली. मग सुनांना हाक मारली, "चला गं, हळदीकुकू घ्या, येळ झाला." आणि वळून साहेबांना, "उद्या पुरणाला या. मानूस हाय तवर यावं."

ती बोलली ते रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही. साहेब "येतो" म्हणाले आणि उठताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. महिन्याभरात भोरचं घर बंद करून लेकीकडं बंगळुरूला गेले. मी त्या संध्याकाळीच सामान उचलून स्टँडमागं भाड्याची खोली घेतली होती. त्यांचा फोन सणासुदीला येतो. मी उचलत नाही, आणि मग दिवसभर, उचलायला हवा होता, असं वाटत राहतं. परवाना अजून खिशात आहे, त्यांच्यामुळंच आहे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी, सोनाबाईच्या घरून खाली आल्यावर. ते रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभे होते. माझा टेम्पो पन्नास पावलांवर होता, रिकामा, आणि मी त्यांना बसा म्हणालो नाही. वेल्ह्याकडून एसटी आली. ते चढले, खिडकीशी बसले आणि त्यांचा उजवा हात वर झाला. मला वाटलं, निरोपाचा हात करतायत. मी मान वळवली आणि टोपल्यांची दोरी ओढून बघायला लागलो.

गाडी माझ्या बाजूनं गेली तेव्हा जवळून दिसलं. ते माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते. काजळाचं बोट पांढऱ्या शर्टाला लागू नये, म्हणून त्यांनी हात नुसता वर धरला होता.